माका, कांदा आणि पुरुषांचं टक्कल

शेताचा बांध असो की पाटाची कड, ओल दिसली की माका उगवतो. बटणाएवढं पांढरं फूल, आणि पान चुरगाळलं की थोड्या वेळानं काळी पडणारी बोटं. या पाल्याचा रस खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात मंद आचेवर आटवायचा. तडतड थांबली की पाणी उडालं असं समजायचं आणि तेल गाळून घ्यायचं. घरोघरी चालत आलेलं हे तेल आता देखण्या बाटलीत, नवे केस उगवण्याच्या आश्वासनासह मिळतं.

त्या आश्वासनाला आधार किती? माक्यानं केस वाढल्याचे प्रयोग आहेत, पण ते मुख्यतः उंदरांवरचे. आणि उंदराला पुरुषासारखं टक्कल पडत नाही.

कपाळाच्या कोपऱ्यांतून केस मागे सरकणं आणि टाळू विरळ होणं हा हार्मोन आणि आनुवंशिकतेचा खेळ आहे. शरीर टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं अधिक प्रभावी हार्मोन बनवतं. ज्यांच्या केसांची मुळं त्याला संवेदनशील असतात, त्यांची मुळं हळूहळू आक्रसतात. दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड. जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवून दिलं, की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. तेव्हा टाळूला तेल कमी पडलं म्हणून केस गेले, ही समजूत सोडायला हवी.

कांद्याच्या रसाची ख्याती इराकमधल्या 2002 च्या एका अभ्यासावर उभी आहे. दिवसातून दोनदा रस चोळणाऱ्या 23 जणांपैकी 20 जणांना सहा आठवड्यांत केस आले. आकडा थक्क करणारा, पण ते रुग्ण चाई पडलेले होते. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि पुष्कळदा केस आपोआपही परत येतात. वडिलांसारखं टक्कल पडू लागलेल्या तरुणानं डोळ्यांतून पाणी काढत कांदा चोळत राहावं, असं त्यात काहीच नाही.

रोजमेरीचं पारडं जरा जड आहे. इराणमध्ये 2015 साली 100 पुरुषांचे दोन गट करून एकाला रोजमेरी तेल, दुसऱ्याला मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसवाढीचं औषध, 2 टक्के ताकदीचं, दिलं. तीन महिन्यांत फरक दिसला नाही. सहाव्या महिन्यात दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली. मात्र नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गट नव्हता, आणि पुरुषांना आज सहसा 5 टक्के मिनॉक्सिडिल देतात. सॉ पामेटो या अमेरिकी खुज्या ताडाच्या फळांचा अर्क डीएचटी रोखतो असं मानतात. इटलीतल्या दोन वर्षांच्या तुलनेत तो घेणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांना गुण आला, डीएचटी रोखणारं फिनास्टेराइड हे औषध घेणाऱ्यांपैकी 68 टक्क्यांना.

फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांची कामेच्छा मंदावते. त्या धास्तीनं कुणी वनस्पतींकडे वळला, तर ते समजण्यासारखं आहे. पण मूळ फार आक्रसल्यावर औषधांचाही हात आखडतो. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्यावं: टक्कल, चाई, थायरॉइड की लोहाची कमतरता? मग तेल लावायचंच असेल तर खुशाल लावावं, मात्र पहिल्या दिवशी टाळूचा फोटो काढून ठेवावा. सहा महिन्यांनी त्याच उजेडात दुसरा काढून दोन्ही डॉक्टरांना दाखवावेत.