पोळं न मोडणारी पेटी

माणूस हजारो वर्षं मध खात आला, तो पोळं मोडूनच. स्पेनमधल्या आरान्या गुहेत उंचावर लोंबकळत मध काढणाऱ्या माणसाचं चित्र आहे. आपल्या भीमबेटकातही मध गोळा करणारी माणसं रंगवलेली आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या नळकांड्यांत माश्या पाळत, पण पोळं तिथंही कापावंच लागे. पोळं पिळताना मधाबरोबर अळ्याही चिरडल्या जात.

ही रीत बदलली ती एका लाकडी पेटीनं. 1851 साली अमेरिकेतले पाद्री लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं, की पेटीत पाव ते तीन अष्टमांश इंच फट ठेवली तर माश्या ती ये-जा करायला मोकळी सोडतात. त्याहून अरुंद फट राळेनं बुजवतात, रुंद असली तर तिथं पोळं बांधतात. पोळं बांधायला दिलेल्या चौकटींभोवती तेवढं अंतर राखलं, की पोळ्यासकट चौकट अलगद वर उचलता येते. माशीशी जबरदस्ती न करता तिच्याच सवयीवर उभं राहिलेलं इतकं सुंदर यंत्र मला दुसरं माहीत नाही. 1865 मध्ये फ्रान्झ ह्रुश्का यांनी चौकट फिरवून मध काढण्याचं यंत्र आणलं. आता रिकामं पोळंही शाबूत परत जाऊ लागलं. मेण तयार करायला माश्यांना बराच मध खर्ची घालावा लागतो, तो वाचला.

आपली सातेरी मधमाशी युरोपातल्या माशीपेक्षा लहान. तिच्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी छोटी पेटी बनवली. सातेरी अंधाऱ्या ढोलीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते, म्हणून पेटी तिला मानवते. आग्या माशी मात्र उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. ती पेटीत नांदत नाही.

महाराष्ट्रात पेटीतल्या मधमाशीपालनाचा उद्योग रुजला महाबळेश्वरच्या डोंगरात. मध संचालनालय तिथंच आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. जांभूळ, हिरडा, गेळा फुलतात आणि सात-आठ वर्षांनी कारवी बहरते, तेव्हा पेट्या भरतात. फुलोरा आटला, की सातेरी पेटी सोडून निघून जाते. त्यामुळे मधपाळाला आपल्या पेटीइतकीच भोवतालच्या रानाची काळजी असते.

पेटीत न नांदणाऱ्या आग्याच्या पोळ्यातलाही फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवता येतो, म्हणजे पोळं पिळायची गरज तिथंही नाही. म्हणून मध घेताना तो कसा काढला आहे, एवढं विक्रेत्याला जरूर विचारा, आणि पिळलेला असेल तर घेऊ नका.