बरें वाटतें, म्हणून औषध सोडावें काय ?

नांदेडास गोदाकाठीं फिरावयास निघालेली वडील मंडळी असोत किंवा लातूरच्या गंजगोलाईंत बाजारास आलेले गृहस्थ असोत, प्रकृतीची विचारपूस झाली कीं एक वाक्य हटकून कानीं पडतें : “आतां बरें वाटतें, हृदयाची गोळी सोडून दिली.” मी वैद्य नव्हें, मुलांस शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक शिक्षक आहें. परंतु या वाक्यांतील तर्क तपासणें हें शिक्षकाचें काम आहे, व तेवढेंच मी आज करणार आहें.

तापाचें औषध ताप उतरला कीं संपतें. हृदयाच्या बहुतेक औषधांची गोष्ट निराळी आहे. तीं रोग नाहींसा करीत नाहींत, त्यास आवरून धरतात. गांवांत पुराचें पाणी शिरत नाहीं याचें कारण नदीकाठचा बांध असतो. पाणी येत नाहीं म्हणून बांधच फोडावा, असें कोणी म्हणत नाहीं. ‘बरें वाटणें’ हें पुष्कळदां औषध चालूं असल्याचें फळ असतें, औषध अनावश्यक झाल्याचा पुरावा नव्हे.

एक उदाहरण घेऊं. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्यांचा एक वर्ग ‘बीटा ब्लॉकर’ या नांवानें ओळखला जातो. मेटोप्रोलोल व अटेनोलोल या त्यांतल्याच. या वर्गांतील प्रोप्रानोलोल हें औषध सर जेम्स ब्लॅक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत शोधून काढलें, आणि १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकांत ते वांटेकरी झाले. भीतीनें किंवा श्रमानें शरीरांत अ‍ॅड्रेनलिन वाढतें व हृदय धडधडूं लागतें. तें अ‍ॅड्रेनलिन हृदयावर जेथें येऊन लागतें, ती जागा ही गोळी अडवून ठेवते. शरीर मात्र स्वस्थ बसत नाहीं. तें अशा नव्या जागा तयार करतें. मग गोळी एकाएकीं थांबविली तर सारीं दारें एकदम उघडतात, ठोके व रक्तदाब उसळतात, आणि छातींत कळ येण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत मजल जाऊं शकते. १९७० नंतरच्या दशकांत डॉक्टरांनीं असे प्रसंग नमूद केले. म्हणूनच हें औषध बंद करावयाचें असेल तेव्हां डॉक्टर त्याची मात्रा सामान्यतः हळूहळू उतरवितात.

रक्ताची गुठळी होऊं न देणाऱ्या औषधांचेंही तसेंच. अरुंद रक्तवाहिनींत स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, बसविल्यावर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी गोळी कांहीं महिने देतात. जाळीवर शरीराचें अस्तर चढेपर्यंत तेथें गुठळी धरण्याचें भय विशेष असतें. दांत काढावयाचा म्हणून रुग्णानें आपल्याच मतानें या गोळ्या थांबविल्या, तर दांताचें दुखणें जाईल, पण जीव धोक्यांत येईल. दंतवैद्यानें व हृदयाच्या डॉक्टरानें मिळून ठरवावें, हाच मार्ग.

सोडणें जसें घातक, तसेंच आपल्या मनानें वाढविणें किंवा दुसऱ्या औषधाची जोड देणें. १७८५ सालीं इंग्लंडांतील वैद्य विल्यम विदरिंग यांनीं डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. तिच्या पानांनीं सूज उतरते, पण प्रमाण चुकलें तर ओकाऱ्या होतात व नाडी फार मंदावते, हें त्यांनीं दाखविलें. आजची डिगॉक्सिन ही गोळी त्याच कुळांतील. आपल्या अंगणांतील कण्हेरींत याच जातीचीं द्रव्यें आहेत, म्हणून ती विषारी. आतां पहा : खोकल्यासाठीं घरांत ज्येष्ठमध असतो. तो फार दिवस व पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरांतील पोटॅशियम घटतें. तें घटलें कीं डिगॉक्सिनची नेहमींची मात्राही बाधूं शकते. सांधेदुखीच्या कित्येक गोळ्या शरीरांत पाणी सांठवितात व दुबळ्या हृदयावर भार टाकतात. ‘घरगुती’ किंवा ‘साधी’ एवढ्या शब्दावर येथें विसंबतां येत नाहीं.

आपल्याकडे आणखी दोन प्रसंग येतात. वैशाखांत मराठवाड्याचें ऊन चढतें, त्यांत एकादशीचा उपवास असतो, आणि लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यास घेरी येते. तो गोळीच टाकून देतो, व थोड्या दिवसांत पाय सुजतात, धाप लागते. दुसरा प्रसंग कागदांचा. देगलूरचा रुग्ण नांदेडास, निलंग्याचा लातुरास, आणि पुढें कोणी हैदराबादेस किंवा सोलापुरास जातो. प्रत्येक ठिकाणीं नवा कागद. एकच औषध दोन व्यापारी नांवांनीं लिहिलें गेलें, तर भोळेपणानें दोन्ही गोळ्या पोटांत जातात.

उपाय खर्चाचा नाहीं. सर्व औषधांचीं मूळ नांवें, मात्रा व वेळा एका वहींत लिहाव्या, घरगुती चूर्णेंही लिहावीं, आणि ती वही प्रत्येक डॉक्टरपुढें ठेवावी. त्रास होत असेल तर तो सोसूं नये, सांगावा. मात्रा कमी करणें, गोळी बदलणें, प्रसंगीं ती बंद करणें, हें डॉक्टरांस करतां येतें व ते करतातही. पैशाची अडचणही मोकळेपणानें सांगावी. पुष्कळ औषधें मूळ नांवानें स्वस्त मिळतात. नांदेडास १९८८ पासून व लातुरास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हां विचारावयास जागा नाहीं असें नाहीं. छातींत कळ, धाप, शुद्ध हरपणें अशीं चिन्हें दिसल्यास मात्र वही शोधीत बसूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गोळी सोडावी असें मनांत आलें, तर तो विचार घेऊन प्रथम डॉक्टरांकडे जावें. निर्णय तेथून घरीं आणावा.