देव नाही, पण व्रत आहे

मुलांच्या हातात अ‍ॅस्टेरिक्सची चित्रकथा तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. त्यात पांढऱ्या दाढीचा एक आजोबा आहे, गेटाफिक्स. सोन्याच्या विळ्यानं तो झाडावरची पानं कापतो आणि जादूचा काढा उकळतो. तो ड्रुइड. फार पूर्वीच्या ब्रिटन-आयर्लंडमधले आणि फ्रान्सकडचे हे ज्ञानी लोक. पण मैत्रिणींनो, आजही तिकडे स्वतःला ड्रुइड म्हणवणारी माणसं आहेत, त्यांत आपल्यासारख्या घरसंसारी बायकाही आहेत. आणि गंमत अशी, की त्यांच्यातल्या काहीजणी देव अजिबात मानत नाहीत. पण ऋतूंचे सण पाळतात, गवताचे क्रॉस विणतात, औषधी पानं वाळवतात.

देवच नाही, तर विधी कशासाठी? हा प्रश्न तुमच्या मनात आला ना? मलाही पहिल्यांदा तोच पडला.

जुनं किती, नवं किती?

पहिल्या शतकातल्या प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं ड्रुइडांचं वर्णन करून ठेवलंय. चंद्राच्या सहाव्या दिवशी, म्हणजे आपल्या शुद्ध षष्ठीच्या सुमारास, पांढरं वस्त्र नेसलेला ड्रुइड ओकच्या झाडावर चढून सोन्याच्या विळ्यानं मिसलटो कापायचा. मिसलटो म्हणजे आपल्या आंब्यावर वाढतं त्या बांडगुळाचा दूरचा भाऊबंद. स्वतः ड्रुइडांनी मात्र आपली विद्या लिहून ठेवली नाही. ज्यूलियस सीझर सांगतो, की काही शिष्य वीस-वीस वर्षं पाठांतर करत. ती विद्या त्यांच्याबरोबरच गेली.

मग आजचे विधी आले कुठून? एडवर्ड विल्यम्स नावाचा एक वेल्श पाथरवट कवी होता, इओलो मॉर्गानुग या नावानं लिहायचा. १७९२ साली त्यानं लंडनच्या प्रिमरोझ हिलवर एक समारंभ केला आणि तो प्राचीन असल्याचं सांगितलं. पुढे कळलं, की त्याच्या ‘प्राचीन’ कागदांतलं बरंचसं त्याचं स्वतःचंच लेखन होतं! स्टोनहेंजच्या प्रचंड शिळासुद्धा ड्रुइडांचा पहिला लेखी उल्लेख सापडतो त्याच्या दोन हजारांवर वर्षं आधी उभ्या राहिलेल्या.

म्हणजे सगळं खोटंच का? देव न मानणारी ड्रुइड इथे अडखळत नाही. हे फार जुनं आहे, असा तिचा दावाच नसतो. ती म्हणते, हे माणसांनी रचलंय, मीही माझ्या हातानं रचते.

अमेरिकेतली गोष्ट ऐका. मिनेसोटा राज्यातल्या कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना प्रार्थनेला हजेरी सक्तीची होती. १९६३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून, थोडं थट्टेनंच, आपला ‘सुधारित ड्रुइड’ पंथ काढला. १९६४ मध्ये सक्ती उठली. पण झाडाखाली जमणं काही सुटेना! त्यात मन रमलं होतं. त्याच १९६४ साली ब्रिटनमध्ये रॉस निकोल्स यांनी ड्रुइडांची एक संस्था काढली. तिथेही कुठल्याही धर्माच्या किंवा धर्म नसलेल्या माणसाला आज मुक्त प्रवेश आहे.

लव्हाळ्याचा क्रॉस

१ फेब्रुवारी हा आयर्लंडमध्ये ब्रिजिडचा दिवस. ती ख्रिस्ती संत, आणि त्याच नावाची एक जुनी देवीही. २०२३ पासून तिथे या सणाची सार्वजनिक सुटी असते. ओल्या जागी उगवणारं लव्हाळं उपटून आणायचं, कापायचं नाही. त्याचा चार हातांचा क्रॉस विणून दारावर लावायचा, म्हणजे घराला आग लागत नाही, ही जुनी समजूत. समजूत बाजूला ठेवली तरी थंडी सरताना शेताच्या कडेला जाणं, हिरव्या काड्या निवडणं आणि तासभर शांत बसून विणणं उरतंच. न मानणारीला हवं असतं तेवढंच.

करून पाहायचाय? गव्हाच्या लांब काड्या तासभर पाण्यात भिजवा, म्हणजे मोडणार नाहीत. कागदाच्या बारीक सुरळ्याही चालतात. माझ्या वर्गातल्या मुलींनी त्यांचेच केले. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या मध्यावर अडकवा. मोकळी टोकं उजवीकडे. मध्य चिमटीत गच्च धरून सगळं डावीकडे पाव वळसा फिरवा, की ती टोकं वर जातील. तिसरी काडी दुमडून त्या टोकांवर अडकवा, पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळसा. पंधरा-वीस काड्या झाल्या, की चारही हात दोऱ्यानं बांधा आणि टोकं कात्रीनं सारखी करा. मध्यभागी सुरेख चौकोन उमटतो.

काढा उकळण्यापूर्वी

विणकाम चुकलं तर फार तर काडी मोडेल. पण पानं पोटात जाणार, तिथे सावध राहायलाच हवं.

झाडपाल्यात गुण आहे, हे खरंच. इंग्लंडच्या श्रॉपशायरमधली एक म्हातारी अंगावर सूज येण्याच्या विकारावर वीसेक वनस्पतींचं औषध द्यायची. विल्यम विदरिंग या डॉक्टरनं त्यातली गुणकारी वनस्पती ओळखली, फॉक्सग्लव्ह. किती मात्रेत ती औषध आणि किती मात्रेत विष, हे पारखून १७८५ मध्ये त्यानं पुस्तक छापलं. त्या म्हातारीचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. त्याच कुळातलं डिजॉक्सिन आजही हृदयरोग्यांना देतात. पण फॉक्सग्लव्हची कोवळी पानं कॉम्फ्रीसारखी दिसतात, आणि चुकून त्यांचा चहा केल्यानं विषबाधा झालेली आहे. बरं, कॉम्फ्री तरी कुठे सुरक्षित? ती पोटात गेली तर यकृताला घातक.

मेडोस्वीट नावाची पांढऱ्या सुगंधी फुलोऱ्याची वनस्पती ड्रुइड मंडळींच्या फार आवडीची. तिचं जुनं शास्त्रीय नाव स्पायरिया. १८९९ मध्ये ‘अ‍ॅस्पिरिन’ हे नाव ठरलं, त्यातला ‘स्पिर’ तिथून आला. म्हणून ज्यांना अ‍ॅस्पिरिन चालत नाही, त्यांनी तिचा चहाही टाळावा.

आणि ही गोष्ट तर आपण बायकांनी पदराला गाठ मारून ठेवावी. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवरची वनस्पती परदेशात दुकानातून सहज मिळते. पण तिनं गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांबरोबर तर ती धोक्याचीच. तुमची लेक, भाची तिकडे असेल, तर फोनवर एवढं आवर्जून सांगा. ‘झाडपाला आहे, त्यानं काय होतंय!’ असं म्हणून चालत नाही. डॉक्टरांना विचारायचं, आणि आपण काय काय घेतो ते त्यांच्यापासून लपवायचं नाही.

देव न मानणाऱ्या ड्रुइडांकडून मला घ्यावंसं वाटलं ते हे: हातानं काय करायचं ते मोकळेपणानं करावं, त्याला जुन्या ग्रंथाचा दाखला लागत नाही. पोटात काय घ्यायचं ते मात्र पारखून घ्यावं, तिथे श्रद्धा किंवा अश्रद्धा दोन्ही कामाच्या नाहीत.

पानं वाळवायचीच असतील, तर लॅव्हेंडर किंवा रोझमेरीच्या जुड्या करून सावलीत टांगा आणि कपड्यांच्या कपाटात ठेवा. वास छान येतो, आणि पोटात काही जात नाही.