वीज, राख आणि पाणी

नागपूरच्या उत्तरेला कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, तर शेजारच्या खापरखेडा केंद्राची क्षमता १३४० मेगावॉट. ही वीज राज्यभर जाते, राख मात्र इथेच उरते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असते, म्हणजे तीन वॅगन कोळसा जाळला की जवळपास एक वॅगन राख. जुलै २०२२च्या मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या गावांच्या शिवारात, नाल्यांत शिरले. महाराष्ट्राच्या विकासाची ही किंमत या गावांनी मोजली. ती वीजबिलात कुठेच दिसत नाही, आणि ती दिसायला हवी.

याच कोराडी केंद्राने एक चांगला धडाही घालून दिला आहे. भांडेवाडीत शुद्ध केलेले नागपूरचे सांडपाणी नळावाटे कोराडीला नेऊन वीजनिर्मितीसाठी वापरले जाते. या प्रकल्पाची क्षमता रोज १३ कोटी लिटर आहे. पेंच धरणाचे तेवढे पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी मोकळे होते. राखेचाही असाच उपयोग करता येतो: तिच्यापासून विटा आणि सिमेंट बनते. बंधाऱ्यात साचण्याआधीच ती तिकडे वळवणे, हे आता सर्वांत निकडीचे काम आहे.