भाकरी टाकून बळ येते काय?

पहाटे उठावे, तासभर जड लोखंड उचलावे, धावावे, उड्या माराव्यात, घामाने अंग निथळू द्यावे. आणि घरी परतल्यावर आईने पुढे ठेवलेल्या ताटातील भाकरी, वरण व दुधाचा पेला मात्र बाजूस सारावा, असा एक नवा प्रघात आपल्या तरुणांत शिरू लागला आहे. कारण विचारले, तर उत्तर तयार असते : "आदिमानव भाकरी खात नव्हता." आई बिचारी गप्प बसते. वडील कपाळास हात लावतात. आणि ज्या घरात सायंकाळची जपमाळ आटोपल्यावर सर्वांनी एका पंक्तीस बसण्याची रीत, त्या घरात एका मुलाचे ताट वेगळे होते.

हा प्रश्न केवळ पोटाचा नाही. तो घराचाही आहे. म्हणून ह्या नव्या आहाराची थट्टा न करता त्यात खरे किती व खोटे किती, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. आणि त्यासाठी आम्ही वाचकांस बडोद्यास नेणार आहोत. सरकारदरबारी आज त्या शहरास वडोदरा म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडी मात्र ते अजून बडोदेच आहे. तेथे जाण्याचे कारण असे की, आदिमानवाचे अवशेष आणि पहिलवानांच्या तालमी, ह्या दोहोंची साक्ष जुन्या बडोदे संस्थानात मिळते.

शिकारी माणसाचे जेवण

ह्या आहारास 'पॅलिओ' म्हणजे अश्मयुगीन आहार म्हणतात. वॉल्टर व्हेग्टलिन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. १९८५ साली बॉइड ईटन व मेल्विन कॉनर ह्या विद्वानांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात त्याची शास्त्रीय मांडणी केली, आणि २००२ साली लॉरेन कॉर्डेन ह्या प्राध्यापकांच्या पुस्तकाने तो घरोघर पोहोचविला. मांडणी थोडक्यात अशी : माणसाचा देह लक्षावधी वर्षे शिकार व कंदमुळे ह्यांवर घडला, शेती ही अवघ्या दहाएक हजार वर्षांची. म्हणून धान्य, कडधान्य, दूध, साखर, मीठ आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ वर्ज्य. मांस, मासे, अंडी, भाजीपाला, फळे, कंद व सुकामेवा तेवढा ग्राह्य.

आता गुजरातचा आदिमानव पाहू. बडोदे संस्थानाच्या सेवेत असलेले भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट ह्यांना १८९३ साली साबरमतीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारे सापडली. पुढे १९४० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. हसमुख सांकलिया ह्यांनी मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे उत्खनन केले. हा मुलूख त्या काळी बडोदे संस्थानातच मोडत असे. तेथे बारीक दगडी पाती मिळाली, पुरलेली माणसे मिळाली, आणि हरीण, नीलगाय इतकेच नव्हे तर गेंड्याचेही हाड मिळाले. म्हणजे तो माणूस शिकारी होता, ह्यात शंका नाही.

परंतु त्याने धान्यास कधी हातच लावला नाही, असे ह्यावरून ठरत नाही. हाडे मातीत टिकतात, दाणे बहुधा कुजून जातात. जेथे दाणे टिकले, तेथे वेगळीच कथा बाहेर आली. ज्या गालील सरोवराच्या काठी प्रभू येशूने लोकसमुदायास शिकविले, त्याच सरोवराचे पाणी १९८९ साली ओसरले, तेव्हा ओहालो नावाची एक प्राचीन वस्ती उघडी पडली. ती सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची. तेथे रानटी जव व रानटी गहू ह्यांचे दाणे सापडले, आणि एका दगडावर दळलेल्या धान्याचे कणही आढळले. शेती सुरू होण्यापूर्वी हजारो वर्षे माणूस धान्य वेचीत होता, दळीत होता. तेव्हा 'आदिमानव धान्य खात नव्हता' हे सरसकट विधान टिकत नाही. निरनिराळ्या मुलखांतील आदिमानव जे मिळेल ते खात होता, एवढेच खरे.

बडोद्याच्या तालमीत

आता दुसरी साक्ष. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत व्यायामाची मोठी परंपरा बहरली. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद आणि प्रोफेसर माणिकराव हे त्यांचे हिंदू शिष्य. गुरूच्या नावाने चाललेल्या व्यायाममंदिराची कीर्ती माणिकरावांनी दूरवर नेली. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब, लाठी ह्यांची विद्या तेथे शिकविली जाई. त्याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदार ह्यांनी १९३६ ते १९४९ ह्या काळात 'व्यायामज्ञानकोश' मराठीत दहा खंडांत सिद्ध केला. कठोर व्यायाम ही काही परदेशातून परवा आलेली वस्तू नव्हे, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक भला मोठा दगड जपून ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानाने तो उचलला, अशी त्याची ख्याती आहे. त्याचे वजन बाराशे किलो सांगतात. एवढे ओझे एका माणसाने कसे उचलले असेल, ह्याचा तर्क ज्याचा त्याने करावा. पण गामा हा आपल्या काळचा अजिंक्य मल्ल होता, ह्यात वाद नाही. आणि त्याचा खुराक कोणता? दूध, तूप, बदाम. बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून जोसेफ ऑल्टर ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ साली ग्रंथ लिहिला, त्यातही मल्लांच्या खुराकाचे हेच तीन आधार सांगितले आहेत. ज्या दुधास नवा आहार विष मानतो, त्याच दुधावर आपल्या देशातील मल्लांच्या पिढ्या पोसल्या.

मल्लाचा खुराक शेतकऱ्याच्या मुलाने जसाच्या तसा घ्यावा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. शेरांनी दूध व वाट्यांनी तूप पचविण्यास दिवसभराची मेहनत लागते. आम्हांस येथे आठवण होते ती जगन्नाथ गणेश गुणे ह्यांची. बडोद्याजवळच्या डभोई येथे १८८३ साली त्यांचा जन्म झाला. १९०७ ते १९१० ह्या काळात त्यांनी माणिकरावांजवळ व्यायामाचे धडे घेतले. पुढे ते स्वामी कुवलयानंद ह्या नावाने प्रसिद्ध झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. त्यांचा विशेष हा की, योगाविषयीचे दावे नुसते ऐकून न घेता त्यांनी ते प्रयोगशाळेत तपासून पाहिले. जुने म्हणून सोने नव्हे आणि नवे म्हणून हिरा नव्हे. कसोटीस उतरेल तेच घ्यावे. हीच कसोटी आपण ह्या नव्या आहारास लावू.

स्नायूंची शिदोरी

सावकाश चालताना देह बहुतांशी चरबी जाळतो. परंतु जोराने धावताना, झपाट्याने वजन उचलताना त्यास झटपट पेटणारे सरपण लागते. ते सरपण म्हणजे स्नायूंत साठविलेली साखर. शास्त्रज्ञ तिला ग्लायकोजेन म्हणतात. धान्य, कंद व फळे ह्यांतील पिठूळ व गोड अंशापासून हा साठा भरतो. प्रवासास निघालेल्या माणसाच्या कमरेची शिदोरीच ती.

ही शिदोरी नसली तर काय होते, हे स्वीडनमधील बेर्गस्ट्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले. त्यांनी काही माणसांस तीन प्रकारचे अन्न देऊन, प्रत्येक वेळी जागच्या जागी फिरणारी सायकल थकून थांबेपर्यंत चालवावयास लाविली. नेहमीच्या मिश्र जेवणावर ती माणसे सरासरीने सुमारे ११४ मिनिटे टिकली. केवळ मांस-चरबीच्या अन्नावर तीच माणसे ५७ मिनिटांत थकली. आणि पिठूळ अन्न भरपूर मिळाले, तेव्हा ती १६७ मिनिटे चालवीत राहिली! अंगात जोर तोच. फरक पडला तो शिदोरीचा.

मौज अशी की, ह्या आहाराचे पुरस्कर्ते कॉर्डेन ह्यांनीही २००५ साली ज्यो फ्रील ह्या प्रशिक्षकासह खेळाडूंसाठी पुस्तक लिहिले, तेव्हा मोठ्या व्यायामाच्या आधी, दरम्यान व नंतर पिठूळ व गोड पदार्थ घेण्याची मोकळीक दिली. गुरूने दिलेली सूट शिष्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाही, हीच खरी अडचण आहे!

न्यायाने बोलावयाचे, तर ह्या आहारात गुणही आहेत. साखर, मैदा, बिस्किटे, बाटलीतील गोड पेये व तळलेले पाकीटबंद पदार्थ टाकावेत, हा उपदेश सोन्यासारखा आहे. स्वीडनमध्येच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणीत १४ निरोगी माणसांनी तीन आठवडे हा आहार घेतला. त्यांचे वजन सरासरी सव्वादोन किलोने उतरले. पण त्याचबरोबर त्यांच्या अन्नातील कॅल्शियम निम्म्याहून खाली आले. वाढत्या वयाच्या मुलामुलींची हाडे ज्यावर बळकट व्हावयाची, तेच घटले.

आपल्याच ताटाचा हिशेब

"मग स्नायू वाढविण्यास प्रथिने कोठून आणावीत?" असा प्रश्न तरुण विचारतील. मेहनतीचा व्यायाम करणाऱ्याने वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे क्रीडा-आहाराचे जाणकार सांगतात. साठ किलो वजनाच्या मुलासाठी दीड ग्रॅमचा हिशेब धरला, तर दिवसाकाठी ९० ग्रॅम झाली. आता चुलीकडे पाहा. चारशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या चार मोठ्या भाकरी : सुमारे ४० ग्रॅम. साठ ग्रॅम तुरीची डाळ : १३ ग्रॅम. अर्धा लिटर दूध : १६ ग्रॅम. शंभर ग्रॅम मासळी : २० ग्रॅम. ही झाली ८९. एक अंडे खाल्ले की गरज भागून वर उरते. शिवाय शिदोरीचे सरपण भाकरीतून मिळाले ते निराळेच. हीच ९० ग्रॅम निव्वळ अंड्यांतून मिळवावयाची, तर रोज पंधरा अंडी लागतील. लहान शेतकऱ्याच्या घरास हा खर्च झेपणारा नाही, आणि त्याची गरजही नाही.

ज्यांस धान्य कमी करावयाचेच असेल, त्यांनी निदान रताळी, सुरण, कोनफळ व केळी भरपूर खावीत; ती तर ह्या नव्या आहारासही मान्य आहेत. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून असले प्रयोग करू नयेत. आणि एक सूचना फार महत्त्वाची : सवय नसताना एकदम अतोनात व्यायाम केल्यावर अंग असह्य दुखू लागले आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. स्नायू फुटून मूत्रपिंडास इजा होत असल्याची ती खूण असू शकते.

देह हे मंदिर, देव नव्हे

ख्रिस्ती माणसास देह तुच्छ नाही. संत पौलाने करिंथ येथील भाविकांस देह हा पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण करून दिली, आणि मुकुटासाठी संयम पाळणाऱ्या धावपटूंचा दाखलाही दिला. तेव्हा आपल्या मुलांनी व्यायाम जरूर करावा. तंबाखू व दारू ह्यांपासून दूर ठेवणारी ती एक उत्तम शिस्त आहे. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात ख्रिस्तसभा एक इशाराही देते : देहाची काळजी घ्यावी, पण देहालाच सर्वस्व मानून त्याची पूजा बांधू नये. मंदिर झाडावे, सारवावे, सजवावे; मंदिरालाच देव समजू नये.

आरशापुढचा वेळ प्रार्थनेच्या वेळाहून वाढला, प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी 'माझ्या आहारात मांस लागतेच' असे म्हणावेसे वाटू लागले, घरच्या गरिबीत आपल्या एकट्याच्या ताटासाठी हट्ट होऊ लागला, की समजावे, मर्यादा ओलांडली. खरा उपवास आपल्यास नम्र करतो. जो आहार आपल्यास घरच्यांहून थोर समजावयास लावतो, तो उपवास नव्हे.

आणि भाकरीविषयी शेवटचा शब्द. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोज काय मागतो, हे लहान मूलही सांगेल. रानात भुकेल्या जनसमुदायासाठी त्याने एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या हाती घेतल्या. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने भाकरच घेतली आणि तिच्या रूपात स्वतःस आपल्या स्वाधीन केले. ज्या अन्नास त्याने एवढा मान दिला, त्याची भीती आपण कशास बाळगावी?

म्हणून मातांनो, मुलगा व्यायामाहून आला की त्यास रागावू नका. साखर व तळण कमी करण्याचे त्याचे म्हणणे साऱ्या घराने ऐकावे. त्यात सर्वांचेच हित आहे. आणि तरुणांनो, तुम्ही आईची भाकरी ऐका. घाम गाळून या, हातपाय धुऊन या, आणि सर्वांबरोबर पंक्तीस बसा. बळ त्या ताटातही आहे, आणि त्या पंक्तीतही.