चर्च स्ट्रीटवर एक सकाळ : पुस्तकं, कॉफी आणि बसायला जागा

आज आपण बंगळुरूला जाऊया. लालबाग आणि विधानसौध तुम्हाला कुणीही दाखवेल. आपण फिरणार आहोत मुख्यतः एका रस्त्यावर, आणि तिथलं एक गणित जरा समजून घेणार आहोत. पुस्तकाच्या दुकानात काय किंवा कॉफी हाऊसमध्ये काय, माणूस तासभर रेंगाळतो आणि खर्च करतो जेमतेम. मग शहराच्या मध्यावर, एवढ्या महागड्या जागेत ही मंडळी टिकतात कशी?

मेट्रोनं एम. जी. रोडला उतरा. त्याला समांतर, मागच्या अंगाला चर्च स्ट्रीट. इथलं 'ब्लॉसम' सुरू करणारे मायी गौडा इंजिनिअरिंग शिकत असताना फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायचे. आज तिथे मजल्यांवर मजले पुस्तकं आहेत. जवळच 'बुकवर्म'. दोन्हीकडे नवी पुस्तकं आहेतच, पण खरी गंमत जुन्यांची. बघा, नव्या पुस्तकावर दुकानदाराला ठरलेलं कमिशन मिळतं, आणि ऑनलाइन सवलतीशी बरोबरी करायला गेलं की तेही हातात उरत नाही. जुन्या पुस्तकाचं तसं नाही. ते कितीला घ्यायचं आणि कितीला विकायचं, हे दुकानदार ठरवतो. शिवाय या शहरात माणसं नोकरीपायी येतात, घरं बदलतात, निघून जातात. सामान बांधताना पहिली जड वाटतात ती पुस्तकं. म्हणजे गिऱ्हाईक तेच आणि माल पुरवणारंही तेच!

हे सगळ्यांनाच जमलं असं मात्र नाही. इथून जवळच 1971 पासून 'प्रीमियर' होतं, टी. एस. शानभागांचं. मुंबईच्या 'स्ट्रँड'चे टी. एन. शानभाग त्यांचे काका, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाचकांना हे नातं ओळखीचं वाटेल. छताला टेकलेल्या पुस्तकांच्या थप्प्या, आणि मागाल ते पुस्तक त्यातून अचूक काढून देणारे शानभाग. 2009 मध्ये ते बंद झालं. मला वाटतं, एका माणसाच्या डोक्यात साठवलेलं दुकान उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

त्याच वर्षी एम. जी. रोडवरच्या इंडियन कॉफी हाऊसलाही जागा सोडावी लागली. पण ते चर्च स्ट्रीटवर आलं आणि चालू राहिलं. का? कारण ते कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी संस्था उभ्या केल्या. बंगळुरूची 1957 ची. पांढऱ्या गणवेशातला, डोक्याला फेटा बांधलेला जो माणूस तुम्हाला कॉफी आणून देतो, तो नुसता नोकर नाही, संस्थेचा माणूस आहे. मालकाचा नफा काढायचा नसला की टेबल लवकर रिकामं करून घ्यायची घाईही कमी, असा माझा तर्क.

याच्या अगदी उलट दर्शिनी. तिथे कॉफी उभ्यानंच प्यायची. दोघांत एक हवी तर 'बाय टू' म्हणायचं. जागा कमी, गिऱ्हाईक भराभर बदलतं, म्हणून दरही परवडतो. कॉफी फक्कड असते, पण पुस्तक उघडायचं मनातही आणू नका!

जायचं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी. शनिवार-रविवारी रस्ता माणसांनी फुललेला असतो. आधी पुस्तकं, मग कॉफी. उलटं केलंत तर कॉफी हाऊसमध्ये वाचायला काय घ्याल? आणि दुकानात दोन तास काढलेत तर एखादं पुस्तक विकत घ्या, नुसते फोटो काढून निघू नका, एवढंच माझं म्हणणं.

हो, एक राहिलं. चर्च स्ट्रीटवर बरंचसं इंग्रजीच. उमा कुलकर्णींच्या अनुवादांतून भैरप्पा वाचले असतील आणि मूळ कन्नड पुस्तकं निदान हातात घेऊन बघायची असतील, तर बसवनगुडीत गांधी बाजारला 'अंकिता पुस्तक' गाठा. तिथंच 1943 पासूनचं 'विद्यार्थी भवन' आहे. डोशासाठी रांग असते, पण आत बसायला मिळतं.