अनोळखी उतारा? घाबरता कशाला!

दोस्तांनो, गोंदियात दहावीला असा नाहीतर चीनमध्ये 'गाओकाओ' या प्रवेशपरीक्षेला बसा, इंग्रजीच्या पेपरात कधी न वाचलेला उतारा भेटणारच! बरेच जण पहिल्याच कठीण शब्दाला अडतात आणि सोपे गुण गमावतात.

समजा, उताऱ्यात आलं : 'द सारस बिल्ड्स इट्स नेस्ट इन द मार्श. वॉटर सराउंड्स द एग्ज.' 'मार्श' माहीत नाही? थांबू नका, पुढे वाचा. पुढच्या वाक्यात अंड्यांभोवती पाणी आहे. शिवाय सारस तर गोंदिया जिल्ह्याचा ओळखीचा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच! तो धानाच्या बांधीत किंवा तळ्याकाठच्या दलदलीत घरटं करतो, साधारण दोन अंडी घालतो. मग 'मार्श' म्हणजे? दलदल! बघा, शब्दकोश न उघडताच अर्थ लागला.

आता एवढंच करा. आधी प्रश्न वाचा. मग उतारा न थांबता एकदा पूर्ण वाचा. मग उत्तराचं वाक्य शोधा. अडलेल्या शब्दाचा अंदाज मागच्या-पुढच्या वाक्यांवरून बांधा आणि सरावाच्या वेळी तो शेवटी शब्दकोशात पडताळा.

रोज दहा ओळी वाचल्यात, तरी परीक्षेपर्यंत भीती पळालेली असेल. मग करताय ना आजपासून सुरुवात?